शिट्टी हातात आहे, पण ऐकतं कोण?

पत्र थोडक्यात : नाशिकरोडची २० वर्षांची वाचक. शाळेपासून फुटबॉल खेळायची. गुडघा गेला, खेळणं सुटलं, म्हणून पंचांची परीक्षा दिली आणि आता रविवारी मुलांच्या सामन्यांना रेफरी म्हणून उभी राहते. महिन्याभरापूर्वी १४ वर्षांखालील मुलांच्या सामन्यात तिने पेनल्टी दिली. आरडाओरडा झाला तशी ती बदलून बॉक्सबाहेर, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनाबाहेर, फ्री किक दिली, आणि मग दोन्ही बाजू तिच्यावर तुटून पडल्या. एका संघाचे कोच म्हणजे तिचेच जुने सर. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, नियम तुला मीच शिकवले ना?" वडील म्हणतात सोडून दे. एका वरिष्ठ पंचांचा सल्ला असा, की पहिल्या पाच मिनिटांत कुणाला तरी पिवळं कार्ड दाखवायचं, मग सगळे सरळ येतात. तिला विचारायचंय, "माझा आवाज बारीक आहे, स्वभाव भिडस्त आहे. चुका न करणारी, वचक असलेली पंच मी कशी होऊ? की हे माझं कामच नाही?"

---

तुला 'तू' म्हणतोय, राग मानू नकोस. तुझ्या वयाच्या मुलामुलींना अठ्ठावीस वर्षं मैदानावर पळवण्यात गेली, जीभ तशीच वळते.

आधी त्या पेनल्टीचं बघू, कारण तुझं बाकीचं पत्र तिच्याचभोवती फिरतंय. तू लिहितेस की चेंडू थ्रो-इनवरून, म्हणजे रेषेबाहेरून हाताने फेकलेला, थेट आला, फॉरवर्ड बचाव फळीच्या मागे एकटा होता, आणि पालकांच्या बाजूने 'ऑफसाइड, ऑफसाइड' (म्हणजे बचाव फळीच्या मागे थांबून पास घेतला, खेळ थांबवा) सुरू झालं. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतोच. कॉर्नरला नसतो, गोलकिकलाही नसतो. म्हणजे एवढी मोठी माणसं एका सुरात जे ओरडत होती ते चूक होतं, आणि त्या गोंगाटाने तू हललीही नाहीस. ही गोष्ट तू पत्रात एका ओळीत उडवून लावलीस. पुन्हा वाच.

तू हललीस ती दुसऱ्या आरोळीने : 'बॉक्सच्या बाहेर होतं!' तिथे तुझी तुलाच खात्री नव्हती. का नव्हती, तेही तूच लिहिलंयस, "मी तेव्हा मधल्या रेषेजवळ होते." तू याला आत्मविश्वासाचा अभाव म्हणतेस. मी याला चाळीस मीटर म्हणतो. चाळीस मीटरवरून पाय रेषेवर लागला की वीतभर अलीकडे, हे कुणालाच दिसत नाही, वर्ल्डकपच्या पंचालाही नाही. त्यातून आपली मैदानं. सकाळी मारलेली फक्की दुसऱ्या हाफपर्यंत पंचवीस जोडी बुटांखाली गेलेली असते. पावसाळ्यात तर गोलसमोर रेषाच नसते, नुसता चिखल.

म्हणून पहिला उपाय पायांचा. सामन्याआधी दोन्ही बॉक्सच्या रेषांवरून एकदा चालून ये आणि रेषेच्या सरळ टोकाला मैदानाबाहेर काय आहे ते डोक्यात ठेव. विजेचा खांब, कुंपणाचं फाटक, काहीही चालेल. रेषा पुसली तरी खांब जागचा हलत नाही. रेषा ही बॉक्सचाच भाग असते. रेषेवर पाय घातला म्हणजे आत घातला. आणि हल्ला करणाऱ्या संघाला पुढच्या भागात थ्रो-इन मिळाला की मध्यरेषेवर उभं राहायचं नाही, चेंडू हातात असतानाच पुढे सरकायचं. पंधरा-वीस मीटरवरून दिलेला चुकीचा निर्णयही लोक निमूट घेतात आणि चाळीस मीटरवरून दिलेल्या बरोबर निर्णयावरही भांडतात. हा न्याय नाही, पण मैदानावर असंच चालतं.

पळण्याची तयारी वेगळी कर. खेळाडू होतीस म्हणून दम आहे, असं धरून चालू नकोस. आंतरराष्ट्रीय पंचांच्या चाचणीत आधी ४० मीटरच्या सहा दौडी असतात आणि मग ७५ मीटर पळायचं, २५ मीटर चालायचं, असं ४० वेळा. ती परीक्षा तुला आज द्यायची नाही, पण गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर आठवड्यातून दोनदा याच्या निम्मं केलंस तरी दुसऱ्या हाफमध्ये फरक दिसेल. गुडघ्याचं मात्र आधी डॉक्टरांना विचार. दमलेला पंच लांबून शिट्टी मारतो, आणि मग आपण म्हणतो त्याला आत्मविश्वास नाही.

आता निर्णय बदलण्याबद्दल. तू त्याला गुन्हा समजतेयस. नियम तसं म्हणत नाही. खेळ पुन्हा सुरू होण्याआधी निर्णय चुकला हे तुझ्या स्वतःच्या लक्षात आलं, किंवा सहायक पंचाने सांगितलं, तर तो बदलता येतो. एकदा खेळ सुरू झाला की नाही. म्हणजे 'बदलला का' हा प्रश्नच नाही, 'कुणाच्या सांगण्यावरून बदलला' हा आहे. तुला नव्याने काही दिसलं होतं का? नव्हतं. तुला ऐकू आलं होतं. पुढच्या वेळी शिट्टी मारल्यावर एक श्वास थांब आणि मगच हात दाखव. त्या एका श्वासात डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यापर्यंत पोचतं. हात एकदा गेला की तो तिथेच.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुला एकटं वाटणार नाही. शाळांच्या एका सामन्यात मी भलतीच पेनल्टी दिली. गोल झाला. खेळ सुरू झाला आणि मला कळलं, आपण चुकलो. तिथवर ठीक होतं. पण मग मी हिशेब चुकता करायला निघालो. पुढची वीस मिनिटं दुसऱ्या संघाला बारीकसारीक फ्री किक देत सुटलो. सामना संपल्यावर ज्या संघाला मी भरपाई देत होतो, त्यांचाच कर्णधार जवळ येऊन म्हणाला, "सर, आम्हाला असलं नको होतं." तेरा वर्षांचं पोर. देवळालीचे एक निवृत्त सुभेदार त्या दिवशी लाइनवर, म्हणजे सहायक पंच, होते, ते परत येताना स्कूटरवर मागून एवढंच म्हणाले, "एक चूक तुमची होती, बाकीच्या सगळ्या ठरवून केल्यात." त्या दिवसाची लाज अजून गेलेली नाही. चूक झाली तर ती तशीच सोड. भरपाई देऊ नकोस.

तुझ्या पत्रातला 'वचक' हा शब्द मला खटकला. आपल्याकडे पी.टी.च्या सरांचा वचक असतो. माझाही होता. मी पटांगणात आलो की पोरं गप्प व्हायची आणि मी वळलो की माझ्या चालण्याची नक्कल करायची. वचक ही पाठ वळेपर्यंतची गोष्ट आहे, आणि फुटबॉलच्या पंचाची पाठ सतत कुणाकडे तरी असते. तुला हवा आहे तो मान, आणि मान मागताना तू कुणाकडे बघतेयस? पत्रात पालक आहेत, कोच आहेत, वडील आहेत, वरिष्ठ पंच आहेत. मुलांचा उल्लेख एकदाच, 'मुलं ऐकत नाहीत' एवढाच. सामना त्यांचा आहे. त्यांना तुझ्याकडून काय हवं असतं, ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. लागलं तर कुणीतरी लगेच बघावं, दांडगाई करणाऱ्याला आवरावं, आणि दोन्ही संघांना एकच माप लावावं. बस. आवाज बारीक की जाड, हे त्यांच्या यादीत नसतं.

पाच मिनिटांत कार्ड काढण्याचा सल्ला मला पटत नाही. लाल-पिवळी कार्डं आली १९७० च्या मेक्सिको वर्ल्डकपपासून. इंग्लंडचे केन अ‍ॅस्टन यांना रस्त्यावरचे सिग्नल बघून ती सुचली. गरज का पडली, तर पंचाची भाषा खेळाडूला कळत नव्हती आणि कुणाला ताकीद मिळाली, कुणाला बाहेर काढलं, याचा गोंधळ व्हायचा. तुझी आणि त्या पोरांची भाषा एकच आहे. मग आधी ती वापर. पहिल्यांदा पळता पळता, त्याच्यापुरतं, "सात नंबर, हात खाली." दुसऱ्यांदा खेळ थांबलेला असताना, सगळ्यांना दिसेल असं बोलावून, दोन वाक्यांत. तिसऱ्यांदा कार्ड. हा क्रम किरकोळ गोष्टींसाठी. मागून येऊन पायावर घसरणाऱ्याला मात्र पहिल्याच मिनिटाला कार्ड, रंग कुठलाही लागो, तिथे पायऱ्या मोजत बसायचं नाही. मुलांच्या स्पर्धांत काही मिनिटांपुरतं बाहेर बसवण्याची तरतूदही नियम करू देतात. ती तुझ्या स्पर्धेत लागू आहे का, हे आयोजकांना आधीच विचारून घे.

आवाजाचं म्हणशील तर पंचाचा आवाज म्हणजे शिट्टी, आणि ती तू नीट वाजवत नाहीस अशी मला शंका आहे. भिडस्त माणूस शिट्टीही भिडस्तपणे मारतो. साध्या फाउलला छोटी आणि टोकदार, मोठ्या फाउलला लांब आणि जोरकस. खेळणाऱ्याला तुझ्याकडे न बघता कळलं पाहिजे की आता काहीतरी गंभीर झालंय. मण्याची शिट्टी असेल तर बदल. कॅनडातले बास्केटबॉलचे पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची शिट्टी ऐन सामन्यात मणी अडकून वाजलीच नव्हती. त्यातूनच त्यांनी बिनमण्याची फॉक्स-४० आणली, १९८७ मध्ये. आपल्या जुलैतल्या पावसात तर तीच हवी. सराव घराच्या गच्चीवर करू नकोस, सोसायटीत नवा वाद होईल. नदीकाठी जा.

मुलांना काय हाक मारायची, हेही ठरवून टाक. नाव माहीत असलं तरी नंबरच घे. एका संघातल्या मुलांना नावाने आणि दुसऱ्यांना नंबराने हाक मारलीस की तुझं माप तिथेच वाकडं दिसतं. ती तुला सवयीने 'सर, सर' म्हणत असतील, म्हणू देत. 'ताई' म्हणाली तरी बिघडत नाही. बोलायचं कर्णधाराशी, सगळ्या घोळक्याशी नाही. २०२४ च्या युरो स्पर्धेत हाच दंडक होता : निर्णयाचं कारण विचारायला फक्त कर्णधाराने यायचं, आणि कर्णधार गोलकीपर असेल तर आधी ठरवून दिलेल्या एका खेळाडूने. टॉसच्या वेळी दोन्ही कर्णधारांना सांगून टाक, "विचारायचं असेल तर तू ये, मी उत्तर देईन. बाकीचे आले तर खेळ सुरू होणार नाही." चौदा वर्षांच्या पोराला असं काम दिलं की तो ते फार मनावर घेतो.

आता तुझे सर. इथे मला तुझंही थोडं चुकलंय असं वाटतं. नाशिकचं फुटबॉल लहान आहे. शिवाजी स्टेडियमवर सकाळी ज्याच्याशी भांडलो तोच दुपारी शेजारच्या टेबलावर मिसळ खात असतो. अशा ठिकाणी तू ज्यांच्याकडे शिकलीस त्यांच्याच संघाच्या सामन्याला उभी राहिलीस आणि हे नेमणूक करणाऱ्यांना सांगितलं होतंस का, ते पत्रात कुठे नाही. समोरच्या संघाच्या जागी उभी राहून बघ. पंच कोचला 'सर' म्हणते, कोच पंचाला 'अगं' म्हणतात. त्यांनी काय समजायचं? पुढचा सामना मिळेल तेव्हा सरळ कळव, "या अकादमीत मी चार वर्षं होते, शक्य असेल तर दुसरा सामना द्या." आणि पर्यायच नसेल तर दोन्ही कोचना सामन्याआधी हे एकत्र सांग.

सरांशी त्याआधी एकदा, मैदानाबाहेर बोल. घरी जा, पाया पडायची सवय असेल तर पाया पड, आणि मग सांग, "सर, तुमच्याकडेच शिकले. पण शिट्टी हातात असेल तेव्हा मला 'अगं' म्हणू नका." बहुतेक माणसं अशा बोलण्याने ओशाळतात. नाही ओशाळले, आणि पुन्हा मैदानावर तसंच झालं, तर तिथे ते तुझे सर नाहीत. २०१९ पासून कोच आणि बाकावरच्या मंडळींनाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. आदर ठेवूनच दाखव. "सर, आता बास. पुढच्या वेळी कार्ड," हे वाक्य घरी आरशासमोर दहादा म्हण. ऐकायला सोपं वाटतं, पण तोंडातून निघता निघत नाही. माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं तेव्हा शेवटी 'प्लीज' लागला होता.

पालकांशी तू स्वतः भांडायला जाऊ नकोस. ते काम कोचचं किंवा आयोजकांचं. टोकाचं झालं तर शिट्टी मार, चेंडू हातात घे, मध्यभागी उभी राहा आणि कोचला बोलावून सांग, "त्या गृहस्थांना बाहेर न्या, मग खेळ सुरू करू." शांतपणे उभं राहणं हे तिथे सगळ्यात जास्त ऐकू येतं. कुणी अंगावर आलं, धमकी दिली, किंवा तू मुलगी आहेस म्हणून घाणेरडं बोललं, तर सामना सोडून देण्याचा अधिकार पंचाला आहे, आणि तो वापरणं म्हणजे पळून जाणं नव्हे. त्याच संध्याकाळी अहवाल लिही : वेळ, कोण, नेमके शब्द. मत लिहू नकोस. आणि मिसळीच्या टेबलावर निर्णयांची चर्चा कधीही करायची नाही, हसतमुखाने सुद्धा नाही.

सामन्याआधीची पंधरा मिनिटं बहुतेक नवे पंच वाया घालवतात. गोलपोस्ट हलवून बघ. सुटे, न बांधलेले पोस्ट मुलांच्या अंगावर पडतात, म्हणून ते जमिनीला पक्के असल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही, आयोजक कितीही म्हणोत 'काही होत नाही'. शिनगार्ड प्रत्येकाचे बघ. कडं, बाळी, अंगठी काढायला लाव. वरून चिकटपट्टी लावून चालत नाही. आजीने बांधलेला गंडा असेल तर हळू बोल, कोचला सोबत घे, पण नियम तोच ठेव. या पाहणीत मुलं तुला जवळून बघतात, तुझा आवाज ऐकतात. अर्धं काम तिथेच होतं.

'चुका न करणारी पंच' ही मागणी मात्र मी पुरी करू शकत नाही. हॉवर्ड वेब यांनी २०१० च्या वर्ल्डकप फायनलमध्ये नेदरलँड्सच्या डी योंगची स्पेनच्या अलोन्सोच्या छातीवर बसलेली लाथ पिवळ्या कार्डावर सोडली. समोर खेळाडू आडवे आल्याने नीट दिसलं नव्हतं, आणि ते लाल हवं होतं, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं. ग्रॅहम पोल यांनी २००६ मध्ये क्रोएशियाच्या सिमुनिचला एकाच सामन्यात तीन पिवळी कार्डं दाखवली. दुसऱ्याच कार्डाला बाहेर जायला हवा होता. वहीत एक नोंद चुकून ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबरच्या नावावर गेली होती. अनुभव कमी होता म्हणून हे घडलं असं नाही. दोघेही जगातल्या पहिल्या फळीतले पंच होते.

सोडायचं की नाही, हे आज ठरवू नकोस. मधला रस्ता आहे : दोन महिने सहायक पंच म्हणून लाइनवर उभी राहा, किंवा अगदी लहान, दहा-बारा वर्षांच्या पोरांचे सामने घे. तिथे निर्णय कमी लागतात, बुटांच्या नाड्या जास्त बांधाव्या लागतात. प्रत्येक सामन्यानंतर घरी जाऊन एकच प्रसंग लिही : मी कुठे उभी होते, काय दिसलं, काय दिलं. दोन महिन्यांनी ती वही वाच. चुका त्याच त्या जागेवरून होत असतील तर शिकता येतात. आणि वही उघडायचाच कंटाळा येत असेल, रविवार आला की पोटात गोळा येत असेल, तर सोड. त्यात कमीपणा नाही, फुटबॉलमध्ये करण्यासारखं पुष्कळ आहे. पण तुला हे आवडतंय असं मला पत्रावरून वाटतं. नावडत्या कामाबद्दल कुणी चार पानं लिहीत नाही. पुढची वाटही आहे. जिल्ह्यातून राज्याची, म्हणजे विफाची (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, आपली राज्य संघटना) परीक्षा, मग राष्ट्रीय. तमिळनाडूचे के. शंकर २००२ च्या वर्ल्डकपमध्ये सहायक पंच होते, गोव्याच्या उवेना फर्नांडिस मुलींच्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपपर्यंत गेल्या.

बाबांचं राहिलं. ते 'सोड' म्हणतात कारण त्या दिवशी ते पालकांच्या घोळक्यात उभे होते, हो ना? आपल्या मुलीला दिलेल्या शिव्या त्यांनी अगदी कानाजवळून ऐकल्या. तुझ्यापर्यंत त्यातल्या निम्म्याही आल्या नसतील. पुढच्या वेळी त्यांना पलीकडच्या बाजूला खुर्ची टाकून दे, थर्मास दे आणि तू दर वेळी चेंडूपासून किती लांब होतीस तेवढंच बघायला सांग.

आणि वहीसोबत पेन्सिल ठेव. ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही.